गॉटलीबचं 'रॉयल फ्लश' पिनबॉल (१९७६): स्कोअर मोटर थांबतच नाही

प्रश्न
चार खेळाडूंचं, पूर्ण इलेक्ट्रो-मेकॅनिकल मशीन (सगळं मोटर, रिले आणि स्विचवर चालतं). स्टार्ट दाबलं की स्कोअर मोटर (स्विचेस क्रमाने चालवणारी) फिरतच राहते, बॉल बाहेर येत नाही. तिसऱ्या खेळाडूची एक रील (स्कोअरच्या आकड्यांचं चाक) ७ वर अडकली आहे, बाकी सगळ्या शून्यावर. शिवाय पत्त्यांच्या ड्रॉप टार्गेटपैकी (बॉल लागला की खाली पडणारी लक्ष्यं) दोन उभी राहतात आणि लगेच पडतात. फ्यूज शाबूत आहेत. सुरुवात कुठून करावी?

उत्तर १
मोटरला हात लावू नका, तिचं काही बिघडलेलं नाही. प्रत्येक रीलवर शून्याचा स्विच असतो आणि रील शून्यावर आली की तो सुटतो, म्हणजे संपर्क तुटतो. तुमची रील ७ वर आहे, तिचा स्विच जुळलेलाच आहे, त्यामुळे रिसेट (सगळं शून्यावर आणणं) संपत नाही आणि मोटर फिरत राहते.

प्लग काढा आणि त्या रीलचा प्लंजर (कॉइल, म्हणजे तारेची गुंडाळी, ओढते तो लोखंडी दांडा) बोटाने दाबून सोडा. परत यायला रेंगाळला तर आत जुनं तेल चिकट झालंय. रील उतरवून प्लंजर आणि स्लीव्ह (तो सरकतो ती नळी) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. स्लीव्ह झिजली असेल तर नवी नायलॉनची घाला. पुन्हा तेल अजिबात नको, तो भाग कोरडाच चालतो. प्लंजर मोकळा निघाला तर कॉइलचे सोल्डर सांधे तपासा. मग एक तार सोडवून कॉइलचे ओहम शेजारच्या तशाच रीलशी ताडून पाहा.

उत्तर २
रील शून्यावरून पुढे पळत राहिली असती तर दोष उलटा असता: स्विच सुटत नाही. तेव्हा स्विचची पट्टी वाकवून सुमारे १.५ मिमी फट ठेवायची.

स्विचचे चांदीचे पॉइंट (जिथे संपर्क जुळतो) फ्लेक्सस्टोनने (पातळ, लवचीक कानस) हलकेच घासा. पॉलिशपेपर नको, त्याचे कण अडकतात. डब्ल्यूडी-४० तर कधीच फवारू नका: ते पेट घेतं आणि इथे स्विचेसवर ठिणग्या उडतात.

उत्तर ३
टार्गेटचं: पडणारा पत्ता हाताने पूर्ण वर उचला. तरीही टिकला नाही तर त्याच्या मागची कड गोल झाली आहे, टार्गेटच बदला. हाताने टिकतो पण रिसेटला पडतो, तर उचल कमी पडतेय. ब्रॅकेटचे स्क्रू, कॉइल स्टॉप (प्लंजर आदळतो तो थांबा), प्लंजरचं चेपलेलं टोक आणि रिसेट रिलेचे (विजेने चालणारा स्विच) जळके पॉइंट याच क्रमाने बघा. रिसेट होताना कॉइलवर सुमारे २५ व्होल्ट एसी मिळायला हवेत. बरेच कमी असतील तर रिलेचे पॉइंट आधी साफ करा. ट्रान्सफॉर्मरचा हाय टॅप (जास्त व्होल्टेज देणारी जोडणी) भिंतीतलं व्होल्टेजच कमी असेल तेव्हाच वापरायचा.