कुणाकडे बारीक स्टार स्क्रूड्रायव्हर आहे का?

[शनिवार, सकाळी ९:४२]

मंजिरी (बी-२०३): नमस्कार मंडळी. कुणाकडे अगदी बारीक स्टार स्क्रूड्रायव्हर आहे का? तासाभरासाठी हवाय. आमच्याकडे आहे तो कुकरच्या दांड्याला चालतो, इथे त्याचं टोकच आत जात नाही.

पाटील वहिनी (बी-१०४): काय बिघडलं गं?

मंजिरी: लॅपटॉप, माझा क्लासचा. सहा वर्षं झाली त्याला. दहा मिनिटांत तव्यासारखा तापतो, पंखा मिक्सरसारखा ओरडतो आणि आपोआप बंद पडतो. काल दुकानात नेला होता. उघडूनसुद्धा न बघता म्हणे मदरबोर्ड असणार, साडेआठ हजार, ठेवून जा. ओजस म्हणतो घरीच उघडू.

शिंदे, सेक्रेटरी (ए-१०१): सूचना. उद्या रविवारी टाकी साफ करणार आहेत. सकाळी ९ ते दुपारी १ पाणी बंद. आधीच भरून ठेवावे.

निखिल (ए-३०२): मंजिरीताई, पाच मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. मी मोबाइल ठेवतो.

सायली (बी-४०२): निखिल, हात जोडते. गार वस्तू या दमट हवेत बाहेर काढली की तिला घाम फुटतो. तो घाम आत बोर्डवर.

पाटील वहिनी: मग तांदळाच्या डब्यात ठेव ना. माझ्या भाच्याचा मोबाइल तसाच बरा झाला.

सायली: वहिनी, तो पाण्यात पडला होता, हा तापतोय. आणि तांदळाने तिथेही काही होत नाही हो, उलट त्याची भुकटी खाचांत जाऊन बसते. मोबाइल त्याचा तोच वाळला असणार.

निखिल: तो व्हॅक्यूम क्लीनर आहे ना आमच्याकडे, देऊ का?

सायली: नको. त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते, आणि ओढीने पंखा भन्नाट फिरतो तो वेगळाच. साधा कोरडा ब्रश बास. नवा, रंगाला न लावलेला. मंजिरीताई, मी चार वर्षं सर्व्हिस सेंटरच्या काउंटरमागे काढलीत. दहा मिनिटांत तापून बंद म्हणजे दहातल्या आठ वेळा पंख्यात धूळ आणि चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळलेली. मदरबोर्ड गेला असता तर बहुतेक सुरूच झाला नसता. उघडा बिनधास्त. मी आज सासरी चिंचवडला आहे, इथूनच सांगते.

देशपांडे काका (बी-५०१): मंजिरी, स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे आहे. बत्तीस टोकांचा सेट. टेलिफोन खात्यातून रिटायर होताना मुलांनी दिला होता. घेऊनच येतो. तू फक्त टेबलावर पांढरी चादर घाल.

मंजिरी: पांढरी का काका?

देशपांडे काका: स्क्रू पडला तर दिसायला. फरशीवर पडलेला स्क्रू आपला नसतो.

सायली: काका येईपर्यंत दोन कामं. एक, फायली पेनड्राइव्हवर घ्या. चालू असलेल्या दहा मिनिटांत जेवढ्या होतील तेवढ्या, वह्या-मार्कांच्या फायली सगळ्यात आधी. दोन, विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्कचं कुलूप, चालू असेल तर त्याची ४८ आकडी चावी कागदावर उतरवून ठेवा. आत हात लागला की कधीकधी सुरू होताना तीच मागतो, आणि मग लोक फोन करून रडतात.

ओजस (बी-२०३): सायलीताई, कंपनीच्या साइटवर आमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल फुकट मिळालं. कुठला स्क्रू किती मिलिमीटरचा, सगळं चित्रांसकट आहे.

सायली: शाब्बास. व्हिडिओपेक्षा ते धर. व्हिडिओत नेमकं तेव्हाच माणसाचं डोकं मध्ये येतं.

[१०:३०]

ओजस: काका आलेत. सोबत काकूंचं अप्पेपात्र आहे.

पाटील वहिनी: अप्पेपात्र??

देशपांडे काका: सात खळगे. प्रत्येक पायरीचे स्क्रू वेगळ्या खळग्यात. चाळीस वर्षं एक्स्चेंजमध्ये आम्ही चहाच्या बशा वापरायचो, पण त्या हलवल्या की सगळं एकत्र.

सायली: काका, कल्पना छान, पण मी पुठ्ठाच म्हणेन. लॅपटॉपची पाठ पुठ्ठ्यावर काढायची आणि जिथला स्क्रू तिथेच खोचायचा. एका पायरीतसुद्धा लांबी वेगवेगळी असते. आखूड जागी लांब स्क्रू पिळला की तो कीबोर्डकडून फोडासारखा वर येतो, नाहीतर बोर्डातली रेघ तोडतो. असे किती आले माझ्याकडे. दुरुस्तीत बिघडलेले, मुळात न बिघडलेले.

देशपांडे काका: अप्पेपात्राला काही होत नाही. घड्याळाच्या काट्याप्रमाणे भरतो मी.

देशपांडे काकू (बी-५०१): मला आत्ता ग्रुपवर कळतंय की माझं अप्पेपात्र गेलंय. उद्या नाश्त्याला लागणार आहे.

ओजस: ताई, पाठीचे आठही स्क्रू निघाले, पण झाकण हलत नाही. जोर लावू?

सायली: थांब. मागच्या बाजूला रबराची लांब पट्टी आहे ना, पायासारखी? ती अलगद सोल. खाली दोन स्क्रू असतील.

ओजस: होते!!

सायली: पट्टी उलटी ठेव, गोंदाला धूळ लागू देऊ नको. आता जुनं प्लास्टिकचं कार्ड घे, बिजागरीच्या बाजूने फटीत सरकव. धातू नको. कटकट आवाज येईल, ते हुक सुटतात. कडाड आवाज आला तर मात्र थांब.

निखिल: हे वाचूनच मला घाम फुटतोय. आमच्या ऑफिसात लॅपटॉपचा स्टिकर सोलला तरी आयटीवाले मेल पाठवतात.

शिंदे, सेक्रेटरी: हा ग्रुप फक्त सोसायटीच्या सूचनांसाठी आहे. गप्पांसाठी दुसरा ग्रुप आहे याची नोंद घ्यावी.

[११:०५]

ओजस: (फोटो) उघडलं!

मंजिरी: अगंबाई, केवढी धूळ. पंख्याच्या तोंडाशी चक्क गोधडी आहे.

सायली: धुळीचं राहू दे. मंजिरीताई, मला एक सांगा. टचपॅड नीट दाबलं जातं का?

मंजिरी: नाही, दोन महिने झाले. मी माउस लावलाय. का?

सायली: आणि टेबलावर ठेवल्यावर डगडगतो?

मंजिरी: हो, एका कोपऱ्यातून. मला वाटलं टेबलच वाकडं आहे. रात्री वर जाडजूड शब्दकोश ठेवायचे, झाकण नीट बसावं म्हणून.

सायली: सगळ्यांनी हात बाजूला घ्या. फोटोत डावीकडची काळी चपटी वस्तू बघा. ती बॅटरी. उजवा भाग सपाट आहे, मधला उशीसारखा फुगलाय. तीच खालून टचपॅडला ढकलत होती. चार्जर काढलाय ना?

ओजस: सकाळपासून काढलेलाच आहे.

मंजिरी: आणि मी त्यावर शब्दकोश ठेवत होते.

निखिल: फुगलीय म्हणजे हवा भरलीय ना? सुईने टोचून सोडता येईल की.

सायली: निखिल!!! ती हवा नाही. आतलं रसायन बिघडून झालेला वायू आहे, आणि तो पेट घेतो. टोचलं की आतले थर एकमेकांना चिकटतात, शॉर्ट होतो आणि ज्वाळा. सुई, चाकू, स्क्रूड्रायव्हर, काही जवळ न्यायचं नाही.

शिंदे, सेक्रेटरी: दुसऱ्या मजल्यावर हे काय चाललंय? जिन्यातला फायर एक्स्टिंग्विशर वर पाठवू का? वॉचमनला सांगतो. गाड्या हलवाव्या लागतील का?

देशपांडे काका: शिंदेसाहेब, गाड्या राहू द्या. सायली, ही बॅटरी स्क्रूवर आहे, गोंदावर नाही. मॅन्युअलमध्ये पाच स्क्रू दिलेत.

सायली: मग ठीक. गोंदावर असती तर मी म्हटलं असतं झाकण तसंच ठेवा आणि चांगल्या माणसाकडे न्या. ती ओढून काढताना वाकते, आणि वाकली की संपलं. काका, आधी तिचा जोड सोडवा. तारांना धरून नाही, दोन्ही कडांना नख लावून. मग पाच स्क्रू, मग दोन्ही हातांनी सपाट उचला, पापड उचलतो तशी.

मंजिरी: ओजसला मी मागे उभं केलंय. काका करतायत. माझ्या पोटात गोळा आलाय.

[११:२०]

देशपांडे काका: निघाली.

सायली: हुश्श. आता एक पत्र्याचा डबा, तळाला कोरडी वाळू, त्यात बॅटरी, वरून पुन्हा वाळू. झाकण घट्ट नको, वायू कोंडायला नको. बाल्कनीत, सावलीत. पडदे, गॅस आणि वाळत घातलेल्या कपड्यांपासून लांब.

मंजिरी: वाळू कुठून आणू?

शिंदे, सेक्रेटरी: मीटर रूममधल्या लाल बादलीत आहे. वॉचमन आणून देईल. त्यात कोणी तरी सुपारीची पाकिटं टाकली आहेत, ती वेगळी काढावीत. आणि ज्यांनी टाकली त्यांनी समजून घ्यावे.

पाटील वहिनी: मग ती सोमवारी कचऱ्यात द्यायची ना?

सायली: अजिबात नाही वहिनी. कचऱ्याच्या गाडीत सगळं दाबलं जातं, तिथे ती फुटते आणि गाडी पेटते. कचरा वेगळा करणाऱ्या ताईंच्या हातातही फुटू शकते. बॅटरीवर फुली मारलेल्या कचराडब्याचं चित्र असतं ते याचसाठी. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी उत्पादकांची आहे. कंपनीला फोन करा, जवळचं केंद्र सांगतात. नाहीतर अधिकृत ई-कचरावाल्याला द्या, फुगलेली आहे हे आधी सांगून.

ओजस: पण ताई, लॅपटॉप आता चालेल?

सायली: बरेचसे नुसत्या अडॅप्टरवर चालतात. वायर निघाली की बंद, एवढंच. आता तुझ्या गोधडीकडे वळ.

[दुपारी १२:१०]

ओजस: पंखा काढला. त्याच्यासमोरच्या पातळ पत्र्यांवरचा (फिनांवरचा) थर आख्खा निघाला, कापडाच्या तुकड्यासारखा.

सायली: ब्रशने झाडताना पात्यांत टूथपिक अडकव. पंखा फिरू द्यायचा नाही, फिरला तर तोच वीज तयार करून उलटी पाठवतो. आता तांब्याच्या पट्टीवरचे चार स्क्रू. शेजारी १ ते ४ आकडे कोरलेत, दिसले?

ओजस: हो.

सायली: काढताना ४, ३, २, १. बसवताना १ पासून, आणि एक पूर्ण पिळून मग दुसरा असं नाही, थोडं थोडं सगळे. खाली चिप उघडी असते, एका बाजूने दाब आला की तिची कड टवकते.

ओजस: पेस्ट खडूसारखी झालीय. सॅनिटायझरने पुसू?

देशपांडे काका: सॅनिटायझरमध्ये पाणी आणि ग्लिसरीन असतं. माझ्याकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल आहे, सोल्डरिंगचं. नवी पेस्ट मात्र नाही.

निखिल: मी आणतो. सुई आणि फ्रीजबद्दल प्रायश्चित्त. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळेल ना?

देशपांडे काका: मिळेल. पण गाडी आत घालू नकोस, बाहेर लाव आणि चालत जा. आत शिरलास तर संध्याकाळी परत येशील.

[२:१५]

ओजस: निखिलदादा आला. पेस्ट किती लावायची?

सायली: साबुदाण्याएवढी. कोरड्या, भिजवलेल्या नाही. चिपच्या मधोमध. पट्टी बसली की आपोआप पसरते.

पाटील वहिनी: ही उपमा मला समजली. बाकी सगळं डोक्यावरून गेलं.

[३:०५]

मंजिरी: सायली, सगळं बसवलं. बटण दाबलं. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा. गेला का गं?

सायली: मध्ये आणखी काही काढलं होतं का?

मंजिरी: नाही.

ओजस: मी रॅम काढून खोडरबराने पुसली होती. आईला सांगितलं नाही.

सायली: कबुली उशिरा आली. चार्जर काढ, बटण वीस सेकंद दाबून धर, मग उघड. रॅम तिरकी आत सरकवायची, सोनेरी कड जवळजवळ दिसेनाशी होईपर्यंत. मग खाली दाबायची, दोन्ही बाजूच्या चापांचा टक आवाज येईपर्यंत. तुझी अर्धीच बसली असणार.

[३:३०]

ओजस: टक झालं. सुरू झाला!

मंजिरी: पंख्याचा आवाजच नाही. मी कान लावून बघितलं.

मंजिरी: पण आता मेल उघडत नाहीये. प्रत्येक साइट म्हणते सुरक्षित नाही. आणि तारीख १ जानेवारी २०१९ दाखवतोय.

देशपांडे काका: मोठी बॅटरी काढली आणि आतला नाण्याएवढा सेलही संपलाय, म्हणून घड्याळ विसरला तो. तारीख चुकली की साइटची प्रमाणपत्रं त्याला खोटी वाटतात. आत्ता हाताने बरोबर कर. सेल साधाच दिसला मला, सीआर २०३२, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेल. नवी बॅटरी बसवताना तोही बदलू.

सायली: बॅटरी घेताना नुसतं मॉडेलचं नाव सांगू नका. जुन्या बॅटरीवरच्या पार्ट नंबरचा आणि व्होल्टचा फोटो दाखवा. तो फोटो ओजसने वाळूत पुरायच्या आधी काढलाय अशी आशा करते.

ओजस: ...

सायली: मॅन्युअलमध्ये बघ. पार्ट नंबर शेवटी असतात. डबा उकरायचा नाही.

[रविवार, सकाळी ८:२०]

मंजिरी: रात्री सलग तीन तास चालला. खर्च फक्त पेस्टचा. काका, सायली, निखिल, तिघांना आज आमच्याकडे जेवायला यायचंय.

शिंदे, सेक्रेटरी: ९ वाजता पाणी बंद होईल. लाल बादलीत वाळू परत भरण्याची व्यवस्था बी-२०३ ने करावी.

देशपांडे काकू: अप्पेपात्र घासताना एक स्क्रू सापडला. अगदी इवलासा.

देशपांडे काका: कुठल्या खळग्यात होता?

देशपांडे काकू: घासून झाल्यावर सिंकच्या जाळीत होता.

सायली: म्हणून म्हटलं होतं पुठ्ठा.

देशपांडे काका: ओजस, पुठ्ठा घेऊन वर ये. आणि लॅपटॉप चालू असेल तर आधी बंद कर.