डिस्टिल्ड वॉटर 98 अंशालाच उकळलं, सर म्हणतात पाणी अशुद्ध

बॅटरीवाला, सातपूर

मंडळी, केमिस्ट्रीचं कोणी असेल तर सांगा. माझं इन्व्हर्टर-बॅटऱ्यांचं दुकान आहे, अठरा वर्षं झाली. पोरगी नववीत. शाळेत प्रयोग होता, उत्कलनांकावरून पाण्याची शुद्धता ठरवायचा. सर म्हणाले, शुद्ध पाणी घरून आणा. आता बॅटरीवाल्याच्या पोरीला शुद्ध पाण्याची काय कमी? पाच लिटरच्या कॅनचं सील माझ्या हाताने फोडून बाटलीभर दिलं.

तिच्या गटाचा पारा 98 वर गेला आणि तिथेच बसला. पाणी खळखळ उकळतंय, पाच मिनिटं झाली, सात झाली, पारा काही हलेना. वहीत लाल शाईने शेरा: ‘100 नाही, नमुना अशुद्ध’. पाचपैकी दोन गुण. गुण गेले तर गेले हो, पण वर्गात कोणीतरी म्हणालं, हिचे पप्पा बॅटरीत नळाचंच पाणी भरतात. पोरगी रडत घरी आली.

रात्री शटर अर्धं ओढून तोच कॅन तपासला. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा, 3 दाखवतोय. त्याच मीटरवर नळाचं 140. बॅटरीतल्या अ‍ॅसिडची घनता बघायचा हायड्रोमीटर इथे कामाचा नाही, त्याच्या रेषाच 1.100 पासून सुरू होतात, साध्या पाण्यात सरळ तळाला जातो. आता दोष पाण्याचा, थर्मामीटरचा की माझ्या नशिबाचा?

चहाबाज

थर्मामीटर बघा आधी. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी, त्यात पाच मिनिटं ठेवा. 0 दाखवला नाही तर विषय संपला.

निवृत्त लॅबवाला, पंचवटी

दादा, पाणी ठीक आहे आणि थर्मामीटरही बहुतेक ठीकच असणार. आपलं गाव उंचावर आहे, एवढाच गुन्हा. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास. इथे हवेचा दाब पाऱ्याच्या 760 मिलिमीटरऐवजी 710 च्या आगेमागे असतो. उकळी फुटायला वाफेने वरच्या हवेला रेटा द्यावा लागतो. हवाच हलकी, मग उकळी लवकर. तीनशे मीटर चढलं की एक अंश उतरतो, असा आमचा तोंडी हिशेब. 100 हा आकडा मुंबईच्या समुद्राकाठी मिळेल.

मी शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं परिचर होतो. दर वर्षी पोरं 98 वाचायची आणि जर्नलात 100 लिहायची. तुमची लेक बिचारी दिसलं ते लिहून बसली.

दुसरं असं की मिठाने, क्षाराने उत्कलनांक वर जातो. तुमच्या पाण्यात क्षार असते तर पारा 98 च्या पुढे सरकला असता. म्हणजे सरांच्या शेऱ्याची दिशाच उलटी. घरी करून बघा: अर्धा लिटर कॅनचं पाणी, त्यात 58 ग्रॅम मीठ, किराणावाल्याच्या काट्यावर तोलून. थर्मामीटरचा फुगा पाण्यात पूर्ण बुडालेला हवा, तळाला टेकता कामा नये. किती येतं ते मी आत्ता सांगत नाही.

आणि ‘पारा हलेना’ हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण खरी खूण तीच. मिठाचं पाणी उकळत ठेवलं की पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, द्रावण दाट होत जातं आणि पारा सावकाश चढत राहतो. नुसतं पाणी अर्धं आटलं तरी त्याच आकड्यावर.

गडवेडा

कळसूबाईवर, 1646 मीटरवर, पाणी साडेचौऱ्याण्णवच्या आसपासच उकळतं. वर स्टोव्ह नेऊन भात टाकला होता आम्ही. कच्चाच खाल्ला. त्या सरांना बोलवा एकदा.

ओझरचा बीएस्सी

काका, कॅनवरचं बारीक अक्षर वाचा, बहुधा डीएम वॉटर, म्हणजे डीमिनरलाइज्ड, क्षार काढलेलं पाणी असेल. ‘डिस्टिल्ड’ म्हणून विकलं जाणारं बरंचसं पाणी ऊर्ध्वपातन केलेलं नसतं, रेझिनमधून काढलेलं असतं. रेझिन क्षार धरून ठेवतं, बॅटरीच्या प्लेटींना तेवढं पुरतं. पण टीडीएस मीटरवर फार विसंबू नका. तो पाण्यातून वीज किती जाते ते मोजतो, साखर त्याला दिसतच नाही. ग्लासात दोन चमचे साखर ढवळून मीटर घाला, गोड पाण्यालाही पास करेल.

निवृत्त लॅबवाला, पंचवटी

बीएस्सी बरोबर बोलला. म्हणून माझं मत, शाळेत शुद्धता शिकवायची तर द्रवणांक घ्यावा, हवेच्या दाबाने तो फारसा हलत नाही. नॅप्थलीन शुद्ध असेल तर 80 ला एकदम वितळतं. त्यात काही मिसळलेलं असलं की 80 च्या आधीच ओलसर दिसायला लागतं आणि वितळणं लांबत जातं. आमच्याकडे हा प्रयोग असायचा. वास दोन दिवस जायचा नाही, बाईंची तक्रार ठरलेली.

बॅटरीवाला, सातपूर

रविवारी सगळं केलं, पोरगी आणि मी. बर्फात 0, म्हणजे थर्मामीटर सुटला. कॅनचं पाणी परत 98. मग मिठाचं. लॅबवाले काका, पाया पडतो तुमच्या. बरोब्बर 100! भेसळ केलेलं पाणी सरांच्या परीक्षेत पहिल्या नंबराने पास! पोरगी ओट्याशी उभी राहून इतकी हसली की थर्मामीटर हातातून सुटता सुटता वाचला. फुगा पाण्याबाहेर काढून वाफेत धरला तर पुन्हा 98. तसंच उकळत ठेवलं, पाव लिटरच्या खाली आलं तोवर पारा 102 ओलांडून गेला होता.

मग ती म्हणाली, पप्पा, यातलं पाणी परत वेगळं काढू. पातेल्याच्या मधोमध स्टीलची वाटी ठेवली, वर खोलगट झाकण उलटं, झाकणावर बर्फ. वाफ झाकणाला लागून टपटप वाटीत. पहिल्या खेपेला गॅस मोठा होता. मिठाचं पाणी उसळून वाटीतच उडालं, मीटर 212! वाटी धुतली, गॅस बारीक केला, पाऊण तास बसलो. अर्धी वाटी मिळाली, मीटर 9. पातेल्याच्या कडेला मिठाची पांढरी खपली धरली होती, ती हिच्या आईने घासली आणि वर दोन शब्दही सुनावले.

साखरेचंही खरं निघालं. ग्लासभर सरबत, मीटर 4. अठरा वर्षं त्या मीटरवर गिऱ्हाइकांना ‘बघा, एकदम शुद्ध’ म्हणत आलो. कॅनवर मागच्या बाजूला डीएम लिहिलंय हेही खरं.

सोमवारी पोरीने आकडे सरांना दाखवले. सर बघत राहिले, मग मोबाइलवर नाशिकची उंची शोधली. दोनचे साडेचार केले. अर्धा कापला, कारण वहीत हवेचा दाब लिहिलेला नाही.

चहाबाज

तो अर्धा बरोबर कापला.