पहिलाच टफ्टेड गालिचा: टॅक्सी, वारली की कोयरी?

परळची_पोर
नमस्कार मंडळी. टफ्टिंगची गन घेतलीय, म्हणजे ताणलेल्या कापडात मागून लोकरीचे टाके भरणारं यंत्र. कट पाइलची, म्हणजे टाके कापून पुढून केसाळ करणारी. सरावाच्या कापडावर रेघा मारून हात बऱ्यापैकी बसलाय. आता पहिला खरा गालिचा करायचाय, दोन बाय तीन फुटांचा, बाबांच्या खाटेशेजारी टाकायला. बाबांनी आयुष्यभर काळी-पिवळी चालवली, प्रीमियर पद्मिनी. २०२३च्या ऑक्टोबरात शेवटच्या पद्मिनी रस्त्यावरून गेल्या तेव्हापासून टॅक्सीचं डिझाइन डोक्यात आहे. आई म्हणते वारली कर, घरात शोभेल. बहीण म्हणते साध्या चौकटी कर, पहिल्याच वेळी डोक्याला ताप नको. मला स्वतःला पैठणीच्या काठावरची कोयरीपण आवडते. चारपेक्षा जास्त रंग परवडणार नाहीत. काय निवडू?

गालिचाकाकू
अगं, वारली आधी बाद कर. आईला माझं नाव सांग. वारलीतल्या माणसांचे हातपाय कागदावर काडीएवढे असतात. गनने एक रेघ मारली की पुढून लोकर फुलते आणि बोटभर जाड दिसते. तुझा तारपा नाच दोन फुटांत केलास तर सगळे नाचणारे गुटगुटीत होतील. त्यात पांढऱ्या रेघेला दोन्ही बाजूंनी गेरूच्या रंगाची लोकर दाबणार, ती अर्धी गिळून टाकेल. भिंतभर गालिचा असता तर गोष्ट वेगळी होती.

चौकटींचं म्हणशील तर त्या दिसतात तेवढ्या सोप्या नाहीत, आणि हे नवीन लोकांना कुणी सांगत नाही. कापड फ्रेमवर ताणताना एका बाजूला जरा जास्त ओढलं जातं. गालिचा उतरवला की ते आखडतं आणि सरळ चौकट तिरपी होते. काटकोन, सरळ पट्टा, पूर्ण गोल यांत डोळा लगेच चूक पकडतो. हाताने काढलेला थोडा वेडावाकडा आकार असेल तर कुणाला पत्ता लागत नाही.

कोयरी त्यामुळे चांगली, पण आतली फुलंपानं काढून टाक आणि टोकाचा वळसा मोकळा ठेव. बारीक वळणावर गन फिरवताना गनचा कापडावर टेकणारा पुढचा पाय सुटतो आणि टाके लोंबायला लागतात.

तरी माझं मत टॅक्सीलाच. बाजूने दिसणारी काढ. खाली काळी बॉडी, वर पिवळं टप, राखाडी काचा. रस्ताही त्याच राखाडीत, वरचं आकाश मोतिया. झाले चार रंग. आरसा, हँडल, मीटर, बंपर काही नको. चाकं काळी आणि बॉडीही काळी, म्हणून मध्ये राखाडी कमान सोडायला विसरू नकोस, नाहीतर गाडी जमिनीत रुतल्यासारखी दिसेल. कमान दोन बोटं रुंद हवी. हेच माप सगळीकडे लाव. खऱ्या आकाराचा कागद जोडून त्यावर जाड मार्करने डिझाइन काढ, पेन्सिलने नाही. मग दोन बोटं आडवी ठेवत जा. त्याहून बारीक जे असेल ते जाड कर किंवा खोड.

आपण मागच्या बाजूने काम करतो, त्यामुळे चित्र उलटं उमटतं. टॅक्सी डावीकडे निघाली काय नि उजवीकडे काय, बिघडत नाही. पण नंबर प्लेटचा मोह आवर. आकडे इतक्या लहान जागेत वाचताच येत नाहीत, वर उलटे काढायचा घोळ.

लोकर घेताना काळे गुंडे एकाच लॉटचे, एकदमच घे. नंतर आणलेला काळा हटकून वेगळा निघतो. गनमध्ये दोन धागे एकत्र जातात, म्हणजे गुंडा आधी दोन भागांत गुंडाळून ठेवायचा.

चाळीतला_सुतार
काकूंशी सहमत. फ्रेमचं मी सांगतो. आतली जागा गालिच्यापेक्षा चारी बाजूंनी वीतभर जास्त ठेवा, नाहीतर कडेला गन खिळ्यांच्या पट्टीवर आदळते. कापड ढोलकीसारखं वाजलं पाहिजे. सैल असेल तर सुई फाडते. डिझाइनबद्दल एकच, मागचा रस्ता नि आकाश करताच कशाला? टॅक्सीच्याच आकाराचा गालिचा कापा, लोकरही वाचेल.

गालिचाकाकू
सुतारदादा, पहिल्याच खेपेला नको. सरळ कडेचं कापड मागे दुमडून चिकटवणं सोपं. चाकाच्या गोलाईला कापडाला जागोजागी काप द्यावे लागतात, तिथे नवख्याचा गम सगळीकडे पसरतो. आणि मुंबईच्या दमट हवेत लॅटेक्स, म्हणजे टाके धरून ठेवणारा मागचा गम, वाळायलाच वेळ लागतो, त्याला पुन्हा पुन्हा हात लावायची वेळ येऊ नये असंच डिझाइन बरं.

माहीमचा_म्हातारा
मी टफ्टिंग वगैरे करत नाही, पण टॅक्सीवाल्यांना ओळखतो. पोरी, दसऱ्याला बाबा गाडीला झेंडूचा हार घालायचे ना? मग सकाळी उठून त्याच गाडीवर पाय टाकतील का? शिवाय वयस्कर माणसाच्या खाटेजवळ सरकणारी वस्तू ठेवूच नये.

परळची_पोर
अगदी घालायचे, बॉनेटवर नारळही फोडायचे! आत्ता आईला विचारलं, तिचं म्हणणं हेच होतं, वारली फक्त बहाणा. मग टॅक्सी भिंतीवर लावते. खाटेजवळ नंतर छोटी कोयरी करेन. काकू, भिंतीसाठी काही वेगळं करायचं का? आणि काळा नि पिवळा जिथे भिडतो तिथे सरावात लोकरीचे केस एकमेकांत घुसत होते.

गालिचाकाकू
घुसणारच. दोन्ही रंग भरून झाले, गम लावून वाळला की पुढून विणकामाची सुई घे, काळा धागा काळ्याकडे, पिवळा पिवळ्याकडे ढकलत सीमेवरून हळूहळू जा. अगदीच हट्टी असेल तो चिमट्याने उपट. मग ट्रिमर फिरव, आणि लगेच व्हॅक्यूम मार, नाहीतर काळी भुकटी पिवळ्यात बसते ती बसतेच.

भिंतीसाठी मागचं फेल्ट, म्हणजे पाठ झाकणारं जाड कापड, चिकटवताना वरच्या कडेला कापडाची एक नळी शिवून घे, त्यात लाकडी पट्टी सरकव. नुसते खिळे ठोकलेस तर लॅटेक्सच्या वजनाने मध्ये झोळ पडेल. आणि कोयरीच्या खाली रबराची जाळी टाकल्याशिवाय ती जमिनीवर ठेवू नकोस, माहीमवाले बरोबर बोलतायत.