‘जवळचे’ म्हणजे नेमके कोण?

नौपाडा, ठाणे
आरोग्य सर्वेक्षणासाठी मी घरोघर फिरते. प्रश्नावलीत ‘तुमच्या जवळच्या व्यक्तींची नावं सांगा’ असं आहे. कोपरीतल्या एका आजींनी पुण्याच्या भावाचं नाव दिलं. भेट कधी झाली? दिवाळीत. रोज त्यांना बीपीची गोळी काढून देणाऱ्या शेजारणीचं नाव मात्र नाही. विचारलं तर म्हणाल्या, “ती काय, घरचीच!” आजी खोटं बोलत नव्हत्या. मग दुसरा शब्द कोणता वापरू?

वाशी
ताई, ‘जवळ’मध्ये अंतरही आहे आणि मायाही. आजींनी माया धरली. ‘संबंध’ मात्र टाळा, आरोग्याच्या प्रश्नात त्याचा भलताच अर्थ निघतो. ‘संपर्क’ म्हटलं की करोनाची यादी आठवून लोक बिचकतात. ‘घरोबा’ सुंदर शब्द, पण ठाणे-वाशी लोकलमध्ये रोज खांद्याला खांदा लावून येणारी मंडळी त्यात बसत नाहीत, आणि फ्लू तर तिथेही पसरतो.

घोडबंदर रोड
नामापेक्षा क्रियापद बघा. बर्नार्ड आणि किलवर्थ या संशोधकांनी १९७०च्या दशकात ‘कुणाशी किती बोललात’ याबद्दलचं लोकांचं सांगणं प्रत्यक्ष नोंदींशी ताडून पाहिलं, तर जवळजवळ निम्मं कुठे ना कुठे चुकलेलं निघालं. पुढे १९८७ मध्ये फ्रीमन आणि रॉम्नी यांनी या चुकीची तऱ्हा दाखवली. बैठकीला कोण होतं, असं विचारल्यावर लोक नेहमी येणाऱ्यांची नावं घेतात, त्या दिवशी ते आले नसले तरी. एखाद्याच दिवशी आलेला माणूस विसरतात. म्हणजे स्मरणात रिवाज राहतो, प्रसंग निसटतो. मराठीत दोन्हींना वेगळे शब्द आहेतच: ‘ऊठबस’, ‘येणंजाणं’ रिवाजाचे, ‘भेटलात’, ‘बोललात’ प्रसंगाचे. युरोपातल्या ८ देशांत ७,२९० जणांकडून एका दिवसाची रोजनिशी भरून घेतली होती. तिथे संपर्काची व्याख्याच कृतीची होती: अंगाला स्पर्श, किंवा समोरासमोर निदान तीन शब्दांचं बोलणं. जवळचा-लांबचा हा वादच नाही.

नौपाडा, ठाणे
दादा, पुन्हा जाऊन आले. ‘काल सकाळपासून कोणकोण भेटलं?’ म्हटल्यावर शेजारीण, दूधवाला, जिन्यात भेटलेली नात, सगळे आले. ‘रात्री-अपरात्री हाक कुणाला मारता?’ यालाही शेजारीणच. भाऊ ‘मनातलं कुणाशी बोलता?’ला आला. तिन्ही प्रश्न आता वेगळे ठेवतेय. पुढच्या आठवड्यात घणसोली गावात जायचंय. तिथल्या आगरी मंडळींत ‘ऊठबस’ चालेल, की त्यांचा वेगळा शब्द आहे?