आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन: सगळ्या डॉक्टरांचा मेळ कोण घालतं?

शेवंती:
आईचा गुडघा बदलायचं ठरलंय. डायबेटीस आहे, पूर्वी स्टेंट टाकलाय, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. सर्जन म्हणतात, "हार्टवाल्यांकडून फिटनेस आणा." हार्टवाले म्हणतात, "गोळीचं सर्जनना विचारा." बघणारी मी एकटी. आधी आणि नंतर कुणाकडून काय पक्कं करून घेऊ?

मधलीसुट्टी:
आधी त्या गोळीचं मिटव. थांबवायची का, कधी, परत सुरू केव्हा, हे हार्टचे डॉक्टर, सर्जन आणि भूलतज्ज्ञ तिघांच्या संमतीने एका कागदावर लिहून घे. पाठीतून भूल देताना ती गोळी अडचणीची ठरू शकते आणि स्टेंट असताना मनाने बंद करणंही धोक्याचं. भूलतज्ज्ञांना ऐनवेळी नाही, आधीच भेट. साखरेसाठी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा त्याच गटातली दुसरी गोळी चालू असेल तर त्यांना आवर्जून सांग, ते साधारण ३ दिवस आधी थांबवतात. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ८ च्या आसपास किंवा वर असेल तर बरेच सर्जन तारीख पुढे ढकलतात. ढकलू देत, जंतुसंसर्ग परवडत नाही. हिमोग्लोबिन, किडका दात, पायावरची जखम हेही त्याआधीच बघून घ्या.

फिजिओवाली:
मांडीचे व्यायाम आतापासून सुरू करा. वॉकरने चालायलाही आत्ताच शिकवा, ऑपरेशननंतर दुखत असताना शिकणं जड जातं. बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात. घरी गुडघ्याखाली उशी अजिबात नको! आराम वाटतो, पण पाय वाकलेलाच राहतो, मग सरळ करताना रडायची वेळ येते. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा. फिजिओ घरी कोण येणार, हे डिस्चार्जच्या आधी ठरवा.

बाभूळकाटा:
एवढं कशाला? हॉस्पिटलवाले सांगतात की सगळं.

मधलीसुट्टी:
@बाभूळकाटा, हॉस्पिटलात असेपर्यंत सांगतात हो. घरी रात्री ड्रेसिंग ओलं दिसलं की खरा प्रश्न. शेवंती, डिस्चार्जच्या वेळी विचार: रात्री फोन कुणाला करायचा? जखमेतून पाणी आलं तर जवळच्या डॉक्टरांकडून परस्पर अँटिबायोटिक सुरू करू नकोस, सर्जनलाच दाखव. आतला संसर्ग त्याने झाकला जातो. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून औषध देतात, ते किती दिवस आणि जुन्या गोळीशी त्याचं कसं जमवायचं, तेही लिहून घे. पोटरी सुजून दुखायला लागली तर लगेच कळव. धाप लागली, छातीत दुखलं तर फोन करत बसू नकोस, थेट इमर्जन्सीत ने. सूज आणि गरमपणा मात्र काही महिने राहतो, तेवढ्याने घाबरू नकोस.

शेवंती:
भूलतज्ज्ञांची वेळ घेते. @फिजिओवाली, वॉकरची उंची कशी ठरवायची?

फिजिओवाली:
चप्पल घालून सरळ उभं राहिल्यावर हात सोडले की वॉकरची पकडायची मूठ मनगटाशी यायला हवी. बिनचाकी घ्या, किंवा पुढे दोनच चाकं असलेला.