शब्दचर्चा: रापणे, भाजणे, काळवंडणे

अर्धविराम:
उन्हाने त्वचेत होणारे बदल फोटोवरून ओळखणाऱ्या एका प्रोग्रॅमसाठी लेबलं मराठीत करतेय. यादीत 'टॅन' आणि 'सनबर्न' वेगवेगळे आहेत. मी दोन्हीकडे 'काळवंडणे' लिहून बसले. काय लिहू?

खडूफळा:
'काळवंडणे' आधी खोडा. वाईट बातमीने चेहरा काळवंडतो, ठेवून ठेवून चांदी काळवंडते. उन्हानेही कातडी काळवंडते म्हणतात, पण तो शब्द उन्हापुरता नाही. शिवाय त्या शब्दात नापसंती आहे. टॅनला 'रापणे', सनबर्नला 'भाजणे'. त्वचारोगतज्ज्ञ फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये त्वचेचे प्रकार पाडले (आता ६ मानतात), ते याच दोन प्रश्नांवर: उन्हात कातडी भाजते का, आणि रापते का? आपल्याकडे दोन्ही क्रियापदं तयारच आहेत.

चिमटा:
सहमत. भाजलेल्या जागी बोट दाबा, लाली क्षणभर विरते, कारण ती रक्ताची. रापलेल्या जागी दाबून काही होत नाही, तो रंग मेलॅनिनचा, म्हणजे कातडीतल्या रंगद्रव्याचा. कॅमेऱ्याला बोट नाही. म्हणून रंग तीन आकड्यांत मोडतात: उजळपणा, हिरवा-लाल, निळा-पिवळा. ढोबळमानाने लाल आकडा चढला तर भाजणे, उजळपणा उतरला तर रापणे. मात्र 'लाल होणे' असं लेबल नको. गडद कातडीवर लाली डोळ्यालाच नीट दिसत नाही, मग लेबल लावणाराही चुकतो आणि त्याच्यावरून शिकणारा प्रोग्रॅमही.

अर्धविराम:
पण किती रापली हे कशावरून ठरवायचं? माझ्याकडे नुसते चेहरे आहेत.

चिमटा:
घड्याळ काढल्यावर मनगटावर फिकट पट्टा दिसतो ना? तो आणि त्याच्या शेजारची कातडी, या दोन उजळपणांतला फरक म्हणजे रापणे. त्यासाठी दंडाची आतली बाजूही घेतात, तिथे ऊन फारसं पोचत नाही. एकट्या चेहऱ्यावरून माणूस रापलेला की मुळातच सावळा, हे सांगता येत नाही. त्यात खिडकीपाशी आणि पिवळ्या दिव्याखाली तोच चेहरा दोन रंगांचा निघतो. फोटोत शेजारी ठरलेल्या रंगांची पट्टी नसेल तर आकड्यांवर विसंबू नका.

खडूफळा:
आता माझंच मला खटकतंय. 'रापलेला चेहरा' म्हटलं की मला नुसता रंग दिसत नाही. वर्षानुवर्षं उन्हात राबलेला माणूस दिसतो, मानेवरच्या खोल घड्यांसकट. सुट्टीत आठ दिवस समुद्रावर लोळून आलेल्याला कोण रापलेला म्हणतं?

अर्धविराम:
अहो, यादीत 'फोटोएजिंग' पण आहे, म्हणजे उन्हाने कातडी अकाली म्हातारी होणं!

खडूफळा:
मग त्याला 'निबर' द्या. उन्हाने निबर झालेली कातडी.

चिमटा:
निबरपणा हाताला कळतो, फोटोत कुठला? दिसतं तेच लिहा: 'उन्हाच्या सुरकुत्या', 'उन्हाचे डाग'. आणि 'वांग' त्यात मिसळू नका. उन्हाने तो वाढतो खरा, पण गरोदरपणातही येतो.

अर्धविराम:
टॅनला 'ताजं रापणं' चालेल?

खडूफळा:
कानाला विचित्र लागतंय. पण चालवा.