ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) सर्जनचा शब्द शेवटचा असावा का?

भूलतज्ज्ञ_सांगली
जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची शस्त्रक्रिया चेकलिस्ट २००८ साली आली. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूंचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आलं. पण सर्जनने मीपणा सोडला तरच ती चालते. चीर देण्याआधी सगळ्यांनी थांबायचं, आपापलं नाव-काम सांगायचं, रुग्णाचं नाव, शस्त्रक्रिया, बाजू मोठ्याने म्हणायची, अँटिबायोटिक गेल्या ६० मिनिटांत दिलं का ते विचारायचं. सर्जन ‘हो हो, झालं’ म्हणाला की सिस्टर मुकाट्याने टिकमार्क करते. मग दोन तासांनी एक मॉप (पोटातलं रक्त टिपायचं कापड) कमी भरला तरी तिची जीभ उचलत नाही.

जनरल_सर्जन
कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या १०१ रुग्णालयांचा २०१४चा अभ्यासही वाचा. तिथे चेकलिस्टने मृत्यू लक्षणीय घटले नाहीत. प्लीहा फाटलीय, पोट रक्ताने भरलंय, तेव्हा मतं विचारत बसायचं? तिथे आवाज एकाचाच हवा. संमतिपत्रावर नाव माझं, कोर्टात उभा मी.

ओटी_इन्चार्ज_सिस्टर
सर, चेकलिस्टवर टिकमार्क झाला म्हणजे सगळे खरंच थांबले असं नाही. मॉपचंच घ्या. मोजणी सुरुवातीला, पोट बंद करण्याआधी आणि त्वचेच्या टाक्यांच्या वेळी. दोघींनी मिळून, मोठ्याने, आकडा फळ्यावर. कमी भरला तर आधी बादली, ड्रेप (रुग्णावर पांघरलेली कापडं), जमीन. मग पोटात हात. तरी नाही सापडला तर टेबलावरच एक्स-रे. त्यासाठीच मॉपमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा असतो. मोजणं आमचं काम, पण टाके थांबवणं तुमच्याच हातात. ‘पुन्हा मोज’ म्हणत सुई चालूच राहिली, तर मॉप आत राहतो.

जनरल_सर्जन
मोजणीपुरतं मान्य. सिस्टरने थांबा म्हटलं की थांबायचं. रक्तस्रावाचं उत्तर मात्र मिळालं नाही.

भूलतज्ज्ञ_सांगली
आवाज एकाचाच असू द्या, पण कान उघडे हवेत. ‘रक्त आणा’ असं हवेत सोडलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा गेला. सिस्टरचं नाव घेऊन सांगा, ‘दोन पिशव्या ओ निगेटिव्ह’. तिने ते परत म्हणायचं, पिशव्या आल्या की कळवायचं. सुरुवातीला नावं सांगायची ती यासाठीच. कान बंद असले की काय होतं ते बघा: स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर २७ मार्च १९७७ रोजी समोरचं विमान धावपट्टीवरून हटलं का, अशी शंका फ्लाइट इंजिनिअरने काढली होती. कॅप्टनने ती झटकली. दोन विमानं धडकून ५८३ माणसं गेली.

जनरल_सर्जन
नाव घेऊन सांगणं उद्यापासून करता येईल. पण रात्री दोनला एकच सिस्टर असते, तेव्हा मोजणीला दुसरी कुठून आणायची? तेही लिहा.